चेलो + लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स: घोडीपासून स्पीकरपर्यंत

गजरेषा

चेलो आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्ससाठी नऊ मिनिटांच्या रचनेची जुळवाजुळव चालू आहे. सामग्री अशी: घोडीच्या (ब्रिजच्या) पंखाच्या खाचेत बसणारा पीएझो (लाकडाचं कंपन विजेत बदलणारा पिकअप), चार मीटरची साधी गिटार केबल, ऑडिओ इंटरफेसचं लाइन इनपुट, लॅपटॉपवर प्युअर डेटा हे ध्वनीचं सॉफ्टवेअर (४८ किलोहर्ट्झ), समोर दोन स्पीकर. रचनेचे भाग तीन. पहिल्यात रिंग मॉड्युलेशन, दुसऱ्यात चालू वादनातूनच उचललेले ग्रेन (आवाजाचे मिलिसेकंदांतले तुकडे), तिसऱ्यात चेलोच्या पाठीवर एक्सायटर (पडद्याऐवजी लाकूडच हलवणारा स्पीकर) लावून फीडबॅक.

अडचणीही तीनच:

१) पीएझोचा आवाज किरकिरा, नाकात बोलल्यासारखा. सी तारेचा खर्ज जवळजवळ गायब.
२) सिग्मंड~ (प्युअर डेटातला स्वर ओळखणारा ट्रॅकर) सी तारेवर सारखा एक सप्तक वर उडी मारतो.
३) फीडबॅक कुठल्याही तारेवर सुरू केला तरी शेवटी त्याच एका स्वरावर जाऊन हंबरतो.

पहिल्यासाठी इक्यूवर ८० हर्ट्झला १२ डीबी उचलून झालं. खर्ज आला नाही, घरघर तेवढी वाढली.

शून्यडीबी

इक्यू बाजूला ठेवा, घोळ इनपुटचा आहे. पीएझो हा विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. तो आणि इनपुटचा रोध मिळून हाय-पास फिल्टर होतो, आणि त्याची कटऑफ म्हणजे १ भागिले (२ × पाय × आर × सी). घोडीत बसणारे बरेच पीएझो १ नॅनोफॅरडच्या आसपास असतात. मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असेल तर मोजूनच बघा. आता आकडे घाला:

लाइन इनपुट १० किलोओम: कटऑफ सुमारे १६ किलोहर्ट्झ.
इन्स्ट्रुमेंट इनपुट १ मेगाओम: १५९ हर्ट्झ.
बफर (पीएझो आणि इंटरफेसच्या मधलं छोटं सर्किट) १० मेगाओम: १६ हर्ट्झ.

म्हणजे आत्ता तुमचा अख्खा चेलो त्या उतारावर बसलाय, दर सप्तकाला ६ डीबी या हिशेबाने. गजाची खरखर वर, सूर तळात. सी तारेचा मूळ स्वर ६५ हर्ट्झचा. १ मेगाओमवरसुद्धा तो ८ डीबीने खाली राहतो. १० मेगाओमला पाव डीबी, म्हणजे काहीच नाही. इक्यूने उचलता तेव्हा सिग्नलबरोबर प्रीॲम्पचा नॉइजही उचलला जातो, तीच ती घरघर.

२७ मिलिमीटरची पितळी चकती वापरत असाल तर चित्र वेगळं. तिचा कपॅसिटन्स २० नॅनोफॅरडच्या घरात, तिला १ मेगाओम पुरतो.

तारषड्ज

+१. शिवाय चार मीटर केबल म्हणजे ट्रेबल खाल्ला जाणार. एक मीटरवर आणा.

शून्यडीबी

@तारषड्ज, ही गोष्ट मॅग्नेटिक पिकअपची आहे, ती पीएझोला चिकटवू नका. केबल साधारण १०० पिकोफॅरड प्रति मीटर धरली तर चार मीटरला ४०० पिकोफॅरड. पीएझो स्वतःच कपॅसिटर असल्यामुळे दोघांचा नुसता व्होल्टेज डिव्हायडर होतो: १ भागिले १.४, म्हणजे सगळ्या पट्ट्यात सारखीच ३ डीबी घट. ट्रेबल जागेवरच राहतो. केबल आखूड करायचीच, पण कारण दुसरं. बफरच्या आधीची केबल हलली, पायाखाली आली की ती स्वतःच मायक्रोफोन होते. पीएझो ते बफर ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. बफरनंतर दहा मीटर न्या, काही बिघडत नाही.

राळ

बफर बाजारी घेण्यापेक्षा बांधावा. तासाभराचं काम आहे.

टीएल०७२ ही ऑप-ॲम्प चिप एक. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १० किलोओमचे दोन रोध, मधला बिंदू ४.५ व्होल्टचा. त्या बिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरड. पीएझो १० नॅनोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमधून प्लस पिनवर, आणि प्लस पिनपासून मधल्या बिंदूला १० मेगाओम. आउटपुट थेट मायनस पिनला. आउटपुटपासून १०० ओम, मग १० मायक्रोफॅरड, मग जॅक. जॅकवर ग्राउंडला १०० किलोओम, म्हणजे केबल लावताना धप्प आवाज होत नाही. चिपचा उरलेला अर्धा भाग लोंबकळत सोडू नका: त्याची प्लस पिन मधल्या बिंदूला, आउटपुट त्याच्याच मायनसला. करंट तीन-साडेतीन मिलिॲम्पिअर. बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की बदला.

काय चुकतं ते आधीच सांगतो.

१० मेगाओमच्या आजूबाजूला सोल्डरची राळ राहिली आणि हवा दमट असली की तीच समांतर रोधासारखी वागते. मग खर्ज पुन्हा पातळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने तो भाग घासून काढा. (गजाला राळ हवी, बोर्डाला नको.)

डबी धातूचीच. प्लास्टिकच्या डबीत मेन्सचा हम येणारच.

तार पट्टीवर आपटणारं पिझिकाटो (बोटाने तार छेडणं) असेल तर पीएझो क्षणभर काही व्होल्ट सोडतो आणि बफर क्लिप होतो. त्यासाठी पीएझोच्या दोन टोकांना समांतर २.२ नॅनोफॅरड लावा. १ नॅनोफॅरडच्या पीएझोला त्याने बरोबर १० डीबी घट मिळते, वर कटऑफ आणखी खाली सरकते. गेन इंटरफेसवर भरून काढा. रोध वापरून पॅड करायला गेलात तर पहिल्याच अडचणीत परत.

एक्सएलआर अडॅप्टरने जोडणार असाल तर त्या चॅनलचा फॅन्टम (माईकसाठीचा वीजपुरवठा) बंद.

मध्यसप्तक

बफरने खर्ज येईल, पण पीएझोची चव पीएझोचीच राहणार. तो लाकडाची हालचाल ऐकतो, हवा ऐकतच नाही. माझं मत: पीएझो विश्लेषणाला आणि फीडबॅकला, श्रोत्यांच्या कानाला मात्र क्लिपवरचा छोटा कंडेन्सर माईक. डीपीए ४०९९ सारखा एखादा, घोडीच्या खाली तारांना धरून, तोंड ई-एफ-होलच्या दिशेला नको, घोडीच्या पायाकडे. एफ-होलसमोर ठेवला की पेटीतल्या हवेचा गुबगुबीत आवाज येतो आणि फीडबॅकही लवकर लागतो.

दोन्ही सिग्नल मिसळणार असाल तर वेळ जुळवा. माईक घोडीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर आवाज ०.२९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणून दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. नेमका जिथे चेलोचा गज बोलतो तिथे. पीएझोला ४८ किलोहर्ट्झवर १४ सॅम्पल उशीर द्या, खड्डा भरतो. मग पोलॅरिटी उलटी करून ऐका. ज्या बाजूला खर्ज भरतो ती ठेवा.

शून्यडीबी

"ई-एफ-होल" म्हणजे नक्की कुठलं? :)

मध्यसप्तक

बोट घसरलं. एफ-होल, नुसतं. पेटीवरचं एफच्या आकाराचं भोक.

अनाहत

दुसऱ्या अडचणीकडे. ६५.४ हर्ट्झचं एक आवर्तन १५.३ मिलिसेकंदांचं. सिग्मंड~ काही न सांगता १०२४ पॉइंट घेतो, म्हणजे २१ मिलिसेकंद, म्हणजे जेमतेम १.४ आवर्तनं. एवढ्यावरून सी ओळखायचा म्हणजे अर्धा शब्द ऐकून माणूस ओळखण्यासारखं. त्यात पीएझोच्या पायी मूळ स्वर आधीच दुबळा, दुसरा हार्मोनिक दणकट. तो सप्तक वर उडी मारणार नाही तर काय करणार? गज घोडीजवळ गेला की आणखीच.

-एनपीटीएस ४०९६ करा: ८५ मिलिसेकंद, साडेपाच आवर्तनं. स्थिर होतो, पण सुस्त. म्हणून दोन सिग्मंड~ समांतर ठेवा. एकाला १०२४ आणि त्याचं उत्तर फक्त १५० हर्ट्झच्या वर ग्राह्य. दुसऱ्याला ४०९६, त्याच्या आधी ५०० हर्ट्झचा लो-पास, उत्तर १५०च्या खाली ग्राह्य. दोन्हींच्या पुढे शेवटच्या पाच उत्तरांतलं मधलं घ्या. हॉप (दोन मोजण्यांमधलं अंतर) ५१२ सॅम्पलचा असेल तर त्याने साधारण २१ मिलिसेकंद आणखी जातात, पण एकांडी उडी गाळली जाते. आणि पातळी उणे ५० डीबीच्या खाली गेली की स्वर बदलायचाच नाही, शेवटचा धरून ठेवायचा. नाहीतर गज उचलल्यावर मोकळ्या तारा ज्या गुणगुणतात त्यांच्यामागे तो भटकत बसतो.

दुहेरी तारा, खरखरता दाब, तारेवरून नुसतं बोट फिरवणं, इथे कुठलाही ट्रॅकर विश्वासाचा नाही. एक गंमत: गजाच्या दाबाने मूळ स्वराच्याही खालचे सबहार्मोनिक काढायचं जे तंत्र मारी किमुरा यांनी व्हायोलिनवर रुजवलं, तिथे ट्रॅकर खालचा स्वर दाखवतो तो चुकून नव्हे. तारेची हालचाल खरोखरच लांब आवर्तनाची झालेली असते.

तारषड्ज

मुळात ट्रॅकिंग हवंच कशाला? क्यू (इलेक्ट्रॉनिक्सचा पुढचा टप्पा) पेडलने बदला. नऊ मिनिटांत पंधरा-वीस क्यू असतील फार तर.

अनाहत

क्यूसाठी पेडलच, वाद नाही. ट्रॅकर लागतो तो स्वराला चिकटून चालणाऱ्या गोष्टींना, उदाहरणार्थ फिल्टर तारेच्या मागे नेणं. आणि ज्या रचनेत स्वर, लय सगळं लिहिलेलं आहे तिथे स्कोअर फॉलोइंगही (संगणकाने लिहिलेल्या स्वरांवरून वादकाच्या मागे जाणं) चालतं. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत आर्शिया कों यांनी केलेलं अँटेस्कोफो त्याच जातीचं. पण जिथे अर्धी रचना खरखर आणि श्वासावर उभी आहे तिथे ते कशाच्या मागे जाणार?

मध्यसप्तक

पेडलबद्दल चेलोपुरतं: वाद्य दोन गुडघ्यांत आणि खुंटावर तोललेलं असतं. टाच उचलून पेडल दाबलं की वाद्य हलतं, गजाचा कोन बदलतो आणि पीएझोत धप्प येतं. चपटं पेडल डाव्या पायाच्या बोटांखाली, टाच जमिनीवर टेकलेलीच. पॅचमध्ये (प्युअर डेटातल्या प्रोग्रॅममध्ये) एका दाबानंतर ४०० मिलिसेकंद दुसरा दाब दुर्लक्षित. क्यूचा आकडा स्क्रीनवर दोन मीटरवरून दिसेल एवढा मोठा. आणि एक क्यू मागे जायचं दुसरं पेडल. ते मंचावर लागणार नाही, तालमीत दर पाच मिनिटांनी लागेल.

गजावर सेन्सर लावायचा विचार असेल तर वजन बघा. टॉड मॅकोव्हर यांच्या १९९१च्या हायपरचेलोपासून लोक गजाची हालचाल मोजत आलेत, कल्पना उत्तम आहे. पण ८० ग्रॅमच्या गजाचा तोल फ्रॉगपासून (गज धरायच्या टोकापासून) २२ सेंटिमीटरवर असेल आणि फ्रॉगवर तुम्ही ८ ग्रॅम चढवलेत, तर तोल दोन सेंटिमीटर मागे सरकतो. वादकाला दुसराच गज हातात दिल्यासारखं होतं; उडत्या गजाच्या जागा पहिल्या जातात. सेन्सर मनगटावर बांधला तर वेग तेवढाच कळतो, गजाला हात लावावा लागत नाही.

गंधार

रिंग मॉड्युलेशनबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरा आनंद तिथे आहे.

रिंग मॉड्युलेशन म्हणजे गुणाकार. दोन स्वर दिले की त्यांची बेरीज आणि वजाबाकी मिळते. आता चेलोच्या खालच्या दोन तारा घ्या, सी आणि जी. सी ला षड्ज म्हटलं तर जी पंचम, प्रमाण २:३. जी तार वाजवा आणि ऑसिलेटर सी वर ठेवा. वजाबाकी १, बेरीज ५. एक म्हणजे चेलोच्याही खालचा खर्जाचा षड्ज, पाच म्हणजे शुद्ध गंधार. तंबोरा नीट लागला की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तोच हा पाचवा. षड्ज-पंचमातून गंधार आपोआप, फक्त इथे तो गुणाकाराने येतो. हार्मोनियमच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरलेला, त्यामुळे समोर कुणी पियानो वाजवत असेल तर दोघांचं जमणार नाही.

आता बारीक जागा. ए ४४० धरून चेलो शुद्ध पंचमांनी लावला तर तारा अशा येतात: २२०, १४६.६७, ९७.७८, ६५.१९. पॅचमध्ये लोक सी म्हणून ६५.४१ टाकतात, तो पियानोचा. फरक ०.२२ हर्ट्झ. मोकळी सी सोबत वाजली की दर साडेचार सेकंदांनी आवाज हेलकावतो. हवा असेल तर उत्तम, नको असेल तर शोधत बसाल. त्यापेक्षा मांडणीच अशी करा: वादकाने तारा लावल्या की मोकळी सी पाच सेकंद वाजवायची, ट्रॅकरने (आता तो स्थिर आहे असं धरून) ती मोजायची, आणि सगळे ऑसिलेटर त्या आकड्याच्या पटीत ठेवायचे. पॅचमध्ये हर्ट्झ लिहायचेच नाहीत, प्रमाणं लिहायची. तार उतरली तर पुन्हा मोजा, सगळी इलेक्ट्रॉनिक्स तिच्याबरोबर उतरते.

जाणूनबुजून बेसूर हवं असेल तर ऑसिलेटर ७० वर न्या. जी तारेचा प्रत्येक हार्मोनिक अधिक-उणे ७० होतो: २७.८, १६७.८, १२५.६, २६५.६... कुणाचं कुणाशी नातं नाही, घंटेसारखा आवाज. ६५.१९ ते ७० हा प्रवास वीस सेकंदांत केला की सूर डोळ्यांदेखत वितळतो. रचनाकाराला आणखी काय हवं!

गुणाकारानंतर २५ हर्ट्झचा हाय-पास विसरू नका. ऑसिलेटर आणि तार जवळजवळ एकाच स्वरावर आले की वजाबाकी शून्याजवळ येते आणि स्पीकरचा पडदा नुसता आत-बाहेर हलत राहतो.

अनाहत

ग्रेनबद्दल थोडक्यात. सी तारेचा सूर टिकायला निदान तीन आवर्तनं हवीत, म्हणजे ग्रेन ५० मिलिसेकंदांच्या खाली नको. १५वर गेलात की सूर संपून फक्त भुरभुर उरते, आणि तिचा स्वर ग्रेनच्या दराने ठरतो, तारेने नाही. चार ग्रेन एकमेकांवर, खिडकी (प्रत्येक ग्रेनच्या चढ-उताराचा आकार) हॅनची.

टक्-टक् येत असेल तर बहुतेक वेळा वाचणारी सुई लिहिणाऱ्या सुईला ओलांडते आहे. ग्रेन सप्तकभर वर नेलात की वाचन दुप्पट वेगाने होतं, म्हणजे ८० मिलिसेकंदांचा ग्रेन लिहिणाऱ्या सुईच्या ८० मिलिसेकंद जवळ सरकतो. सुरुवात निदान तेवढी मागे धरा, वर थोडी मोकळीक. सूत्र: ग्रेनची लांबी × (पट − १).

प्युअर डेटामध्येच तारेसारखे छोटे डिले-लूप करणार असाल तर लक्षात असू द्या, डिलेराइट~ आणि डिलेरीड~चा फेरा ६४ सॅम्पलच्या ब्लॉकखाली जात नाही. ४८ किलोहर्ट्झला ७५० हर्ट्झ ही कमाल. त्यावरचा स्वर हवा तर तो भाग सबपॅचमध्ये टाकून ब्लॉक~ १ करा. प्रोसेसरवर भार येईल.

खुंटी

तिसरी अडचण. जरा ऐसपैस लिहितो, कारण इथे लोक गेन कमी-जास्त करण्यापलीकडे जातच नाहीत.

फीडबॅक कुठल्या स्वरावर लागेल हे दोन अटींवर ठरतं. फेऱ्याचा (पीएझो → लॅपटॉप → एक्सायटर → पुन्हा पीएझो) गेन एकापेक्षा जास्त हवा, आणि एक फेरी मारून आलेली लहर निघालेल्या लहरीशी जुळायला हवी. दुसरी अट पूर्ण करणारे स्वर अनेक असतात, त्यांच्यातलं अंतर १ भागिले फेरीचा वेळ. तुमची फेरी १२ मिलिसेकंदांची असेल तर दर ८३ हर्ट्झला एक उमेदवार. त्यातून जिंकतो तो, ज्याच्या वाटेवर गेन सर्वांत जास्त. चेलोच्या पेटीचा एक मोठा रेझोनन्स १६५ ते १८५ हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, जिथे वुल्फ (तार थरथरून गुरगुरते तो दोष) लागतो तिथेच. तुमचा हंबरडा मोजा, बहुतेक तिथेच सापडेल. तार कुठलीही असो, पेटी एकच आहे ना.

उपाय, ज्या क्रमाने करायचे त्या क्रमाने:

फेऱ्यात त्या रेझोनन्सवर ६ ते ९ डीबीचा नॉच (तेवढाच पट्टा कापणारा फिल्टर), क्यू ५ (हा क्यू म्हणजे फिल्टरचा अरुंदपणा, पेडलचा क्यू नव्हे). पेटीची मक्तेदारी मोडते.

मग इच्छित स्वरावर बँड-पास, क्यू २०च्या पुढे. तो बँड-पास तारेच्या प्रमाणात हलवला की फीडबॅक एका हार्मोनिकवरून दुसऱ्यावर चालत जातो. उडी मारत नाही, आधीचा विरतो आणि पुढचा उगवतो.

फेरीचा वेळ बदला. ८ मिलिसेकंद जादा डिले दिला की १२ची फेरी २०ची होते, उमेदवार दर ५० हर्ट्झला. पोलॅरिटी उलटी केली की सगळे उमेदवार अर्ध्या अंतराने सरकतात. हे बटण पेडलवर घ्या, एका दाबात स्वर बदलतो.

आणि डावा हात. तारेच्या मध्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर हलकं बोट ठेवलं की बाकीचे हार्मोनिक मरतात आणि फीडबॅक उरलेल्यावर जातो. गज लागतच नाही.

गेनचा मुद्दा वेगळा. उंबरठ्याच्या १ डीबी वर असाल तर १२ मिलिसेकंदांच्या फेरीने आवाज ४० डीबी वाढायला अर्धा सेकंद. ०.२ डीबी वर असाल तर २.४ सेकंद. संगीत आहे ते या पट्ट्यात. साधा मिडी पेडल ०–१२७ मध्ये ६० डीबी पसरवला तर एका पायरीला जवळजवळ अर्धा डीबी पडतो, मग "एकदम किंचाळतो" अशी तक्रार. उंबरठा शोधा, त्याच्या खाली ४ आणि वर २ असा ६ डीबीचाच पट्टा पेडलला द्या. पायरी ०.०५ डीबीची होते. पुढे लाइन~ने ५० मिलिसेकंद गुळगुळीत करा.

गजरेषा

एक्सायटर पाठीवर साउंडपोस्टच्या (पेटीच्या आतल्या लाकडी खांबाच्या) वर लावला आहे, सोबत आलेल्या चिकटपट्टीने. १० वॅटचा, ४ ओमचा. तारांवर कापड घट्ट गुंडाळलं तरी हंबरणं थांबत नाही. म्हणजे तारांचा भागच नाही?

खुंटी

अगदी नेमकी चाचणी केलीत. तारा बंद असूनही हंबरतो म्हणजे एक्सायटर → लाकूड → पीएझो असा सरळ रस्ता आहे, तारांना वगळून. पीएझोने हे पूर्ण टळणार नाही. म्हणून तर या जातीच्या वाद्यांत प्रत्येक तारेला वेगळा मॅग्नेटिक पिकअप असतो: आइसलँडच्या हाल्दोर उल्फार्सन यांचा हाल्दोरोफोन (पेटीतच स्पीकर, हिल्दुर गुडनाडोत्तिर यांनी तो चित्रपटसंगीतापर्यंत नेला), किंवा अ‍ॅलिस एल्ड्रिज आणि ख्रिस किफर यांचा फीडबॅक चेलो. मॅग्नेटिक पिकअपला लाकूड ऐकू येत नाही, फक्त लोखंडी तार ऐकू येते. चार तारांचे चार गेन वेगळे मिळतात, आणि तिसरी अडचण निम्मी तिथेच सुटते.

अटी: तारेचा गाभा स्टीलचा हवा. गट किंवा सिंथेटिक गाभ्यावर चांदी-टंगस्टनची गुंडाळी असेल तर पिकअप ठार बहिरा. पिकअप पट्टीच्या टोकाशी, तारेपासून इतका दूर की जोरात गज मारल्यावरही तार आदळू नये; सी तार सर्वांत जास्त झुलते, तिच्याखाली जास्त जागा. आणि एक्सायटरमध्येही चुंबक आणि कॉइल आहे! पिकअप त्याच्या जवळ गेला की तारेविनाच उंच शिट्टी बसते. दोघांत २०–२५ सेंटिमीटर ठेवा, एक्सायटर फिरवून सर्वांत शांत कोन शोधा.

साउंडपोस्टवरून हलवा. ती जागा घोडीच्या पायाला सरळ जोडलेली, म्हणून पीएझोवर सर्वांत जास्त मारा तिथूनच होतो. खालच्या फुगवट्यावर, मध्यरेषेपासून एका बाजूला. घोडीवर तर कधीच नको, तिथे जादा वजन म्यूटसारखं वागतं.

राळ

आणि ती चिकटपट्टी आजच काढा, हळूच, बाजूने सरकवत. थेट वार्निशवर लावायची नसते. कॉइल तापते, वार्निश मऊ होतं, पट्टी निघताना वार्निश घेऊनच निघते. पातळ बूच आणि पेटीभोवती मऊ पट्टा, एवढं पुरतं. सुपरग्लूचं नावही नको. चिकणमातीसारखी पुट्टी वापरलीत तर वरचे हार्मोनिक तीच पिऊन टाकते.

१० वॅट लिहिलंय म्हणून १० द्यायचे नाहीत. दोन-तीन वॅटवर चेलो बोलतो. ६० हर्ट्झखाली हाय-पास ठेवा, नाहीतर कॉइल नुसती आदळते.

शून्यडीबी

फेऱ्यात काय ठेवायचं ते राहिलं. कडक लिमिटरने आवाज वर-खाली धपापतो आणि गजाचा सूर गिळला जातो. संथ कंप्रेसर ठेवा, अटॅक ३०, रिलीज ३०० मिलिसेकंद: हंबरणं एका उंचीवर थांबतं, गज वरून ऐकू येतो. टॅनएचने सॉफ्ट क्लिप केलं तर नवे हार्मोनिक तयार होतात आणि ते दुसऱ्या तारांना जागं करतात, ते छानच. पण त्याआधी डीसी काढा: प्युअर डेटात हिप~ ५, सुपरकोलायडरमध्ये लीकडीसी.

शेवटी, फेऱ्याच्या बाहेर, उणे १२ डीबीला कडक छत. फिल्टर बिथरून आकडा अनंताकडे गेला की तो फेऱ्यात अडकून बसतो आणि पॅच रीसेट करेपर्यंत सगळं मुकं. म्हणून फिल्टरचा क्यू आणि फ्रिक्वेन्सी एका झटक्यात बदलू नका. आणि एक्सायटरच्या ॲम्प्लिफायरला पायाने बंद होणारा खराखुरा स्विच हवाच. सॉफ्टवेअरमधलं लाल बटण नेमकं तेव्हाच गोठतं.

मध्यसप्तक

स्पीकर समोर दोनच असतील तर चेलो एकीकडे आणि त्याची इलेक्ट्रॉनिक्स दुसरीकडे, असा दुभंग होतो. तिसरा छोटा स्पीकर वादकाच्या मागे एक मीटरवर, जमिनीलगत, समोरच्यांपेक्षा ६ डीबी कमी. वादक स्पीकरांच्या रेषेच्या तीन मीटर मागे बसला असेल तर थेट आवाज त्या रेषेपर्यंत ९ मिलिसेकंदांनी पोचतो. प्रक्रिया झालेला आवाज लॅपटॉपमुळे आधीच तेवढा उशिरा येतो, त्याला हात लावू नका. पण मिक्सरमधून थेट जाणाऱ्या माईकला ९ मिलिसेकंद डिले द्या, म्हणजे कान आधी वादकाकडे वळतो.

मिक्सरवर बसणाऱ्यालाही पानं हवीत. लुइजी नोनो यांच्या १९८८च्या व्हायोलिन-टेपच्या रचनेत ध्वनिपट सोडणारा माणूस वादकाच्या तोडीचा आहे. फेडरच्या हालचाली स्कोअरमध्ये पट्टीखाली डीबीत लिहा, "हळूहळू वाढवा" असं नको.

अनाहत

पॅच जपण्याबद्दल एकच. इर्काममध्ये ८०-९०च्या दशकांत ४एक्स आणि नेक्स्टवरच्या आयएसपीडब्ल्यू या त्या काळच्या ध्वनी-संगणकांसाठी केलेली इलेक्ट्रॉनिक्स नंतरच्या संगणकांवर नव्याने बांधावी लागली. प्रत्येक क्यूचं वर्णन साध्या वाक्यात लिहा ("इनपुट × सी-तार, मग २५चा हाय-पास"), आणि प्रत्येक क्यूचं कोरडं (प्रक्रियेआधीचं) इनपुट आणि ओलं (प्रक्रिया झालेलं) आउटपुट वेगळं रेकॉर्ड करून ठेवा. बांधणाऱ्याला पॅचपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

गजरेषा

बफर, दोन ट्रॅकर, प्रमाणातले ऑसिलेटर इथपर्यंत जमलं. पट्टाही बांधला. सी ६५.१७ मोजला गेला. शेवटचा प्रश्न: रचना फीडबॅकवरच संपते. गेन शून्यावर नेला की आवाज कापल्यासारखा तुटतो.

खुंटी

शून्यावर नेऊच नका. उंबरठ्याच्या अर्धा डीबी खाली आणा आणि तिथेच थांबा. १२ मिलिसेकंदांच्या फेरीने ४० डीबी उतरायला एक सेकंद, वर तारेची स्वतःची गुंजन. पाव डीबी खाली ठेवलात तर दोन सेकंद. म्हणजे शेवटची लांबी तुम्ही फेडरने नव्हे, उंबरठ्यापासूनच्या अंतराने लिहिता. तारा विझल्या की वादकाने तळवा तारांवर ठेवायचा, आणि ॲम्प्लिफायरचा स्विच त्यानंतर. आधी बंद केलात तर त्याची टक् सगळ्यांना ऐकू येते.